गजभियेबाई उभ्या राहतात

गजभियेबाईंनी हात वर केला की वक्त्याला आधी बरं वाटायचं. सभागृहात सगळी तरुण मंडळी, निम्मी मोबाईलमध्ये बुडालेली, आणि चौथ्या रांगेत सुती साडीतली, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेली एक आजी हात वर करून बसलेली. कोपर ताठ, पंजा उघडा, हात करून एसटी थांबवावी तसा. "येस, मॅडम," असं वक्ता इतक्या मायेनं म्हणायचा की मला त्याची दया यायची. बाई उठायच्या, पदर नीट करायच्या आणि चंद्रपूरच्या वळणाच्या इंग्रजीत विचारायच्या, "तुम्ही सांगितलं ते छानच. आता हे सांगा, तुम्ही चुकला असाल तर ते तुम्हाला कशावरून कळेल?"

विषय कोणताही असो, प्रश्न हाच. डासांवर बोलायला आलेला एक हुशार मुलगा या प्रश्नावर दोनदा पाणी प्याला. सिमेंटवर बोलायला आलेल्या एका म्हाताऱ्या चिनी गृहस्थांनी मात्र क्षणभर विचार करून सांगितलं, "मॅडम, इमारत पडली की कळेल." बाई खूश झाल्या. परतताना मला म्हणाल्या, "लिमयेबाई, आज एक खरा शास्त्रज्ञ पाहिला."

सिंगापुरात वन-नॉर्थला संशोधन संस्थांची मोठमोठी काचेची घरं आहेत, तिथे अधूनमधून ही खुली व्याख्यानं असत. प्रवेश फुकट, शेवटी चहा आणि करी पफ. बाई जायच्या व्याख्यानासाठी. मी करी पफसाठी. आमच्या बिशानहून सर्कल लाइनची एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, थेट जाते, गाडी बदलायची भानगड नाही. म्हणून माझा मुलगा निखिल म्हणायचा, "जा गं आई, तेवढंच ज्ञान." मला ज्ञान मिळत होतं की नाही कोण जाणे. पफमध्ये बटाट्याबरोबर उकडलेल्या अंड्याचा तुकडा असतो, हे मात्र मी तिथेच शिकले आणि घरी कुणाला सांगितलं नाही.

ही दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एकसष्ट वर्षांची होते. आज मागे वळून पाहते तर वाटतं, काय अल्लड मुलगी होती ती. पुण्याहून नुकतीच आलेली, नातीला सांभाळायला म्हणून; आणि आपल्यावाचून सिंगापूरचं पान हलत नाही अशा थाटात लिफ्टनं वरखाली करणारी. आमच्याच मजल्यावर एका मराठी बाई राहतात असं कळल्यावर त्या मुलीला फार आनंद झाला. तिनं पहिल्याच भेटीत, लिफ्टची वाट बघताना, पुण्यात विचारतात तसा गोड आवाजात प्रश्न विचारला, "गजभिये म्हणजे मूळचे कुठले हो?"

"चंद्रपूरचे," बाई म्हणाल्या. "आणि तुम्हाला जे विचारायचं आहे ते हे नाही. चहाला या, तिथे विचारा. बौद्ध आहो आम्ही. बिस्किटं चालतात ना?"

लिफ्ट आली. ती एकसष्ट वर्षांची मुलगी आत शिरली आणि नऊ मजले स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली. संध्याकाळी मात्र चहाला गेली. बिस्किटं चालली. इतकी चालली की पुढे आमचा चहा रोजचाच झाला.

बाईंच्या घरात सामान थोडं. भिंतीवर ध्यानस्थ बुद्धाचं चित्र, खिडकीत तुळशीच्या कुंडीएवढी एक काचेची बरणी आणि तिच्यात जिवंत गोगलगाय. पाऊस झाला की इमारतीच्या मोकळ्या तळमजल्याच्या, म्हणजे व्हॉइड डेकच्या, कडेनं अंगठ्याएवढ्या गोगलगायी निघतात, त्यांतली एक पाहुणी म्हणून वर यायची, चार दिवस राहायची, आणि बाई तिला जिथून उचलली तिथेच नेऊन सोडायच्या. "तिचा पास संपला," म्हणायच्या. इथे आपण सगळे पासवर. मुलांचा एम्प्लॉयमेंट पास, आमचा म्हाताऱ्यांचा व्हिजिट पास. नोकरी गेली की मुलांचा पास गेला, मुलांचा गेला की आमचा. या शहरात म्हातारपण असं लेकराच्या नोकरीला टाचणीनं लावलेलं असतं.

बाईंची टाचणी म्हणजे त्यांची मुलगी प्रज्ञा. वन-नॉर्थच्याच एका संस्थेत संशोधक. पस्तिशीची, बुटकी, सतत घाईत, आणि आईसारखीच खांदे मागे टाकून चालणारी. प्राण्यांच्या शरीरातली संप्रेरकं मोजणं हा तिचा विषय. प्राणी घाबरला, उपाशी राहिला, गाभण राहिला, तर त्याची खूण अंगात कुठेतरी उमटते. ती खूण ती वाचायची. "म्हणजे पत्रिका बघतेस तू," असं मी एकदा म्हटलं होतं. प्रज्ञा हसली होती. बाई नव्हत्या हसल्या.

बाईंनी स्वतः तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेलं. त्याबद्दल विचारलं की त्या एकच गोष्ट सांगायच्या, बेडकाची. प्रॅक्टिकलला प्रत्येक टेबलावर बेडूक यायचा. पण पोरं आदल्या दिवशीच जर्नलमध्ये बेडकाच्या हृदयाची आकृती पुस्तकातून उतरवून आणायची, छान छायांकन करून, नावं लिहून. मग बेडूक फाडायचा. "आणि आतलं आकृतीशी जुळलं नाही तर पोरगं म्हणे, मॅडम, माझा बेडूक चुकला." बाई इथे थांबायच्या. "लिमयेबाई, एका वर्षी मी टेबलांमधून फिरून राहिले होते आणि माझ्या डोक्यात आलं, या खोलीत आज कोणालाच काही नवीन कळणार नाही. मलाही नाही. मग हे काहून मेले?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राचार्यांना सांगितलं, ज्याला प्रश्न असेल त्याच्यासाठी फाडीन, आकृतीसाठी फाडणार नाही. प्राचार्य म्हणाले, अभ्यासक्रमात आहे. बाई म्हणाल्या, अभ्यासक्रम बेडकाला विचारून केला का? पुढे विभागप्रमुखाची खुर्ची दुसऱ्याला गेली आणि बाईंकडे बाटल्यांतल्या नमुन्यांची खोली आली. ती खोली त्यांनी निवृत्त होईपर्यंत पुसली. पश्चात्तापाचं नाव नाही.

मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. मीसुद्धा कॉलेजात पहिलं वर्ष शास्त्र शाखेत होते. पहिल्या बेडकालाच मी चक्कर येऊन बेंचवर पडले, तोंडावर पाणी मारलं तेव्हा उठले, आणि दुसऱ्या दिवशी मराठी विषय घेऊन बसले. त्यानंतर चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आले की मला साहित्याची ओढ होती.

"बेडकानं मराठीला एक वाचक दिला," बाई म्हणाल्या. "वाया नाही गेला तो."

देवमाशाचं प्रकरण आलं ते तेव्हाच. देवमासा हा शब्द मी वापरला की बाई दर वेळी म्हणायच्या, "देव नाही न् मासाही नाही. लेकराला दूध पाजते ती." जपानच्या बोटी दरवर्षी दक्षिणेकडच्या बर्फाळ समुद्रात जाऊन देवमासे मारत. धंद्यासाठी मारायला जगात बंदी होती, पण संशोधनासाठी मारायला सवलत होती; तर हे संशोधन, असं ते म्हणत. कानातला मळ, पोटातलं अन्न, अंडाशय तपासत, आणि उरलेलं मांस बाजारात विकत. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं एकदा हे काही संशोधनासाठी चाललेलं नाही असा निकाल दिला. एक हंगाम बोटी थांबल्या, मग नव्या नावाची योजना घेऊन पुन्हा निघाल्या. ही बातमी वाचून दाखवताना बाईंचा आवाज असा झाला होता की बरणीतली गोगलगाय आत गेली.

"मांस खायचं तर खा म्हणा," त्या म्हणाल्या. "मीही खाते मासे. पण माझ्या विषयाचं नाव कशाला लावता? चोरानं चोरी करावी, पण जाताना शाळेचा गणवेश घालून जाऊ नये."

इथल्याच काही तरुण मुलांनी हाँग लिम पार्कमध्ये याविरुद्ध जमायचं ठरवलं. सिंगापुरात निषेध करायला हे एकच मैदान. बाईंनी मला चलता का विचारलं, आणि माझ्या अंगात एकदम वीरश्री संचारली. पुण्यामुंबईत बायकांचे महागाईविरुद्धचे लाटणं-मोर्चे मी कॉलेजात असताना पाहिले होते. आईबरोबर एकात चाललेही होते. मोर्चा म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवू नये अशी माझी समजूत. मी पायात बळकट चपला घातल्या, डब्यात साबुदाण्याची खिचडी घेतली, आणि कापडी पिशवीत एक स्टीलची थाळी आणि लाटणं टाकलं.

मैदानाजवळ गेल्यावर कळलं की ही जागा इथल्या नागरिकांसाठी आहे. आपल्यासारख्या पासवाल्यांना भाग घेता येत नाही. स्वयंसेवक मुलगी फार नम्र. "सॉरी आंटी, नॉट फॉर फॉरेनर, लाह—" असं म्हणता म्हणता तिची नजर माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या लाटण्याकडे गेली. "आंटी, दॅट वन फॉर वॉट?"

"पोळ्यांसाठी," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

आम्ही निमूट रस्ता ओलांडला. समोर बसथांबा होता. मला वाटलं, घरी जायचं. पण बाई थांब्यावर उभ्या राहिल्या. बाक रिकामा, तरी उभ्या. मैदानाकडे तोंड करून. एक बस आली, गेली. दुसरी आली, गेली. तिसऱ्या बसच्या ड्रायव्हरनं दार उघडून विचारलं, "आंटी, अप ऑर नॉट?"

"वेटिंग," बाई म्हणाल्या.

"वेट फॉर विच बस?"

"नॉट कम येट."

मैदानातलं जमणं संपेपर्यंत आम्ही ती न येणारी बस पाहत होतो. बसथांब्यावर बसची वाट बघायला परवाना लागत नाही. मी मध्ये बसून खिचडी खाल्ली. बाईंनी उभ्यानं खाल्ली. समोरच्या मुलांपैकी एकीनं आमच्याकडे बघून हात हलवला, तेव्हा मी पिशवीतलं लाटणं हळूच वर केलं आणि पुन्हा आत ठेवलं. माझ्या आंदोलनाच्या आयुष्यातला हा सर्वोच्च क्षण.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी प्रज्ञा माझ्याकडे आली. बाई खाली गोगलगाय सोडायला गेल्या होत्या, ती वेळ साधून.

"काकू, तुम्ही आईला समजावा," ती म्हणाली. तिच्या संस्थेत एक जपानी प्राध्यापक येणार होते. देवमाशाच्या कानातला मळ थरांनी साठत जातो, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखा. त्या थरांत त्याचं वय असतं आणि आयुष्यभर सोसलेल्या ताणाची खूणही. प्राध्यापकांकडे असे नमुने भरपूर होते, मारलेल्या देवमाशांचे. ते वाचायची हातोटी प्रज्ञाकडे होती. दोन्ही संस्थांचा मिळून प्रकल्प होणार होता आणि प्रज्ञाचा करार त्याच महिन्यात संपत होता. प्रकल्प झाला तर करार वाढणार. नाही झाला तर नाही. संचालकांनी हे तिला चांगल्या शब्दांत पण स्पष्ट सांगितलं होतं.

"त्यांचं खुलं व्याख्यान आहे," प्रज्ञा म्हणाली. "शेवटी आभार मी मानायचे आहेत. आई येणार, हात वर करणार, तिचा प्रश्न विचारणार. आणि सगळ्यांना माहीत आहे ती कोणाची आई ते."

"तुला स्वतःला काय वाटतं?" मी विचारलं.

"ते मासे मेलेलेच आहेत, काकू. आपण नमुने वापरले नाहीत म्हणून ते परत पोहायला लागणार नाहीत. निदान त्यांच्या मरण्यातून काही कळू दे." हे ती माझ्याशी बोलत नव्हती हे माझ्याही लक्षात आलं.

आणि दारातून बाईंचा आवाज आला. त्या केव्हा वर आल्या कोण जाणे. हातात रिकामी बरणी. "प्रज्ञा, यंदाच्या मेलेल्यांचा उपयोग झाला, असं पुढच्या वर्षीच्या अर्जात लिहितात बाप्पा. तुझं नाव घालून."

प्रज्ञा आईकडे वळली. मग म्हणाली, "आई, मला इथे राहायचं आहे. एवढं एक व्याख्यान सोड."

बाईंनी बरणी ओट्यावर उपडी ठेवली. माझ्या ओट्यावर. "येणार नाही असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण हात वर करणार नाही. प्रश्न विचारणार नाही. शब्द दिला."

व्याख्यानाच्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसले. चौथी रांग, नेहमीच्या खुर्च्या. बाई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या, शाळेत पहिलीची मुलं बसतात तशा. प्रज्ञा पहिल्या रांगेत, मांडीवर आभाराचा कागद. प्राध्यापक किरकोळ बांध्याचे, करड्या केसांचे, फार मृदू बोलणारे. मला ते आवडले हे मी कबूल करते. वाईट माणसाला दाढी तरी असावी अशी माझी लहानपणापासूनची अपेक्षा, ती पुरी झाली नाही.

आणि मग पडद्यावर ते चित्र आलं. बोटीच्या डेकवर आडवा पडलेला देवमासा. शेजारी हेल्मेट घातलेली माणसं लांबच्या लांब टेप धरून उभी. त्याच्या उघड्या डोळ्याजवळ एक फळी, आणि फळीवर इंग्रजीत ‘संशोधन’ असा शब्द.

बाई उभ्या राहिल्या.

हात खाली, अंगाला लावलेले. मान किंचित झुकलेली. बस्स.

आणि शेजारी मीही उठले. याबद्दल पुढे मराठी मंडळात बरंच बोललं गेलं, की लिमयेआजी कशा बाणेदारपणे उठल्या. खरं सांगते. आपल्याकडे सभेत शेजारचं माणूस मान खाली घालून उभं राहिलं की कोणीतरी गेलेलं असतं. दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहायची. आयुष्यभर महिला मंडळ, वाचनालय, सोसायटी, अशा सभांमधून मी इतक्या वेळा उठले आहे की पाय आपोआप सरळ होतात. मी उठले, मान खाली घातली, डोळे मिटले, आणि मग कुजबुजले, "कोण गेलं हो?"

"हा," बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या.

आता बसायचं कसं? मी डोळे मिटूनच राहिले. तेवढ्यात एक मदतनीस मुलगा वाकून आला आणि त्यानं हलक्या आवाजात टॉयलेट उजवीकडे आहे असं सांगितलं. मी त्याला थँक्यू म्हटलं. मंचावरून संचालकांनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला प्रश्न आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आज प्रश्न नाही."

"मग कृपया बसता का?"

"कोणी मेलं की आमच्याकडे उभं राहतात." आवाज चढलेला नव्हता. "तुमचं चालू द्या."

प्राध्यापक थांबले होते. त्यांनी बाईंकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि त्यांची मान थोडी झुकली. मुद्दाम की सवयीनं, ते मला सांगता येणार नाही. मग ते पुढचं वाक्य शोधू लागले. सभागृहात माना वळल्या होत्या. मी आता डोळे उघडले होते आणि मला फक्त पहिल्या रांगेतली प्रज्ञाची पाठ दिसत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. केसांना लावलेली क्लिप, ताठ मान. तिच्या शेजारची रिकामी खुर्ची संचालकांची.

पुढे काय होणार याची मला कल्पना नव्हती. बाईंनाही नव्हती.

प्रज्ञानं मांडीवरचा कागद शेजारी ठेवला आणि ती उभी राहिली.

बाकी कोणी उठलं नाही. उगाच कशाला खोटं सांगू. तिघीच. एक आई, एक मुलगी आणि मध्ये चुकून सापडलेली मी. व्याख्यान संपेपर्यंत आम्ही तिघी उभ्या होतो, आणि त्या प्राध्यापकांनी पडद्यावरून नजर वळवली की आधी आम्हीच दिसत होतो. शेवटी आभार संचालकांनीच मानले.

चहाच्या वेळी आमच्याभोवती मोकळी जागा आपोआप तयार झाली. ती ओलांडून प्राध्यापकच आले. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. बाईंनीही केला.

"माझ्या गावाच्या किनाऱ्यावर देवमाशांसाठी एक दगड आहे," ते म्हणाले. "जुना. मारलेल्यांच्या नावानं. आम्हीही तिथे उभे राहतो."

"दगड आधी कोरता की नंतर?" बाईंनी विचारलं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, काही गोष्टी मारल्याशिवाय कळत नाहीत. हे खोटं नाही."

"नसेल. मग त्या गोष्टी नाही कळल्या तरी चालतील."

"शास्त्रज्ञानं असं म्हणावं?"

"मी तर म्हणते बाप्पा, शास्त्रज्ञानंच म्हणावं. दुसऱ्या कोणाला म्हणता येईल?" आणि बाईंनी आपल्या बशीतला करी पफ उचलून त्यांच्या बशीत ठेवला. "खा. अंडं आहे आत. गरम आहे तोवर चांगला लागतो."

त्यांनी खाल्ला. मला बाईंचा थोडा राग आला, कारण पफ संपले होते.

परतीच्या गाडीत आम्ही तिघी एकत्र चढलो. मग बाई म्हणाल्या, "मी हात वर नाही केला."

"हो आई. बघितलं मी."

"माझ्यासाठी उठली असशील तर चुकली तू."

"तुझ्यासाठी नाही," प्रज्ञा म्हणाली. "त्यांच्या योजनेचे कागद माझ्याकडे आले तेव्हाच मी शोधत होते, किती मारले की पुरे, हे कुठे लिहिलंय का. समाधान होईल असं कुठेच नव्हतं. मला माहीत होतं आई. मी फक्त बसून होते."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. खिडकीकडे पाहत राहिल्या, जिच्यातून बोगद्याशिवाय काही दिसत नाही. त्यांचा चेहरा काचेत दिसत होता, आणि तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता.

करार वाढला नाही. संचालकांनी कोणतंच वाईट कारण दिलं नाही, त्यामुळे भांडायलाही काही उरलं नाही. निखिलनं दोन-तीन ठिकाणी शब्द टाकून पाहिला. नाही जमलं. प्रज्ञाचा पास संपला, आणि तिच्याबरोबर बाईंचाही. मी बाईंना विचारलं, वाईट नाही वाटत? पोरीचं बस्तान उठलं. त्या म्हणाल्या, "वाटतं ना. काहून नाही वाटणार? पण वाईट वाटणं न् चुकणं, दोन वेगळ्या बरण्या आहेत."

प्रज्ञा आता कोकणच्या किनाऱ्यावर काम करते. मच्छीमारांच्या होडीतून जाते, देवमासा दिसला तर त्याच्या मागे मागे राहते आणि त्यानं समुद्रात सोडलेली विष्ठा जाळीनं गोळा करते. त्यातही संप्रेरकं सापडतात म्हणे. सगळं कळत नाही, पण पुष्कळ कळतं, आणि प्राणी आपल्या वाटेनं निघून जातो. महिनोन्‌महिने हाती काही लागत नाही. लागलं की तिचा फोन येतो, "काकू, आज शी मिळाली." मी नेमकी जेवायला बसलेली असते. माझी नात म्हणते, "आज्जी, व्हाय यू सो हॅपी, लाह?" काय सांगणार.

पुढे काही वर्षांनी जपाननं ते संशोधनाचं पांघरूण काढून टाकलं आणि आपल्या समुद्रात उघड धंदा म्हणून मारायला सुरुवात केली. मी घाबरत घाबरत चंद्रपूरला फोन लावला. वाटलं, बाई कोसळतील. पलीकडून आवाज आला, "आता लढाई सरळ झाली, लिमयेबाई. आमच्या विषयाचं नाव तर सोडलं त्यांनी. गणवेश उतरवला. आता चोर म्हणून भांडता येईल." वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. भांडता येईल, म्हणे.

बाई गेल्या, त्याला आता दोन वर्षं होतील. पण मला त्या दिसतात त्या इथेच, निघण्याच्या आदल्या दिवशी.

त्या दिवशी वन-नॉर्थला व्याख्यान होतं, जिवाणूंवर. देवमाशाच्या प्रकरणानंतर बाईंनी नाव नोंदवलं की जागा भरल्या असं उत्तर यायचं. मग आम्ही माझ्या नावानं नोंदणी केली आणि त्या व्याख्यानाला गेल्या. मी सोबत. दारावरच्या मुलीनं बाईंना ओळखलं, यादीतल्या माझ्या नावाकडे बघितलं, आणि "वेलकम, मिसेस लिमये" असं म्हणून दोघींनाही आत सोडलं. शेवटी प्रश्नांची वेळ झाली. कोपर ताठ, पंजा उघडा. जिवाणूवाल्या पोरानं आनंदानं "येस, मॅडम" म्हटलं. बाईंनी पदर नीट केला आणि विचारलं, "तुम्ही चुकला असाल तर ते तुम्हाला कशावरून कळेल?"

परत येताना मला बिशानला उतरायचं होतं. त्यांना पुढे सेरंगूनच्या मॉलमध्ये जाऊन आणखी एक बॅग घ्यायची होती. बरणी कपड्यांत गुंडाळल्यावर जुन्या बॅगेत काही मावेना. मी उतरले आणि फलाटावरून वळून पाहिलं. गाडीत गर्दी नव्हती. म्हाताऱ्यांसाठी राखलेल्या जागेवरून एक तरुण घाईघाईनं उठला आणि त्यानं बाईंना खूण केली, बसा. बाईंनी मान हलवली. त्यानं पुन्हा खूण केली. त्यांनी पुन्हा हलवली.

दारं मिटली. गाडी हलताना तोल सावरायला त्यांनी वरच्या कडीला हात घातला, आणि जागा रिकामी ठेवून, हात वर करून, त्या उभ्याच पुढे गेल्या.